तीस लँडवर भागत नाही

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या ‘कमांडर’ प्रकारात पहिला डेक (आपला पत्त्यांचा संच) लावताना ३० लँड पुरतील का, असं एकाने विचारलंय. लँड म्हणजे माना देणारे पत्ते; माना म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला लागणारी शक्ती. नाही पुरणार. मी हाच हिशेब करून बसलो होतो. सांगलीत विश्रामबागला आम्ही चौघं रविवारी मॅजिक खेळतो; पहिले तीन डाव माझ्या हातात एकाहून एक भारी ड्रॅगन आणि समोर दोन लँड. बाकीचे खेळत होते, मी भडंग खात होतो. (त्यावरून आठवलं, स्लीव्ह, म्हणजे पत्त्यांची प्लास्टिकची पाकिटं, आधी घ्या. तेलकट बोटं आणि पत्ते यांचं जमत नाही.)

कमांडर (डेकचा म्होरक्या पत्ता, तो बाकीच्या ९९ पासून वेगळा ठेवतात) धरून १०० पत्त्यांत ३७च्या आसपास लँड ठेवा. दहाएक पत्ते माना वाढवणारे, दहाएक नवे पत्ते ओढून देणारे. बेसिक, म्हणजे साध्या, लँड सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकच घेता येतो, त्यामुळे ‘तो आला की जिंकलो’ या भरवशावर राहू नका. ९९ मधून तो येणार कधी! त्यापेक्षा एकच काम करणारे सात-आठ वेगवेगळे पत्ते घाला.

कमांडर मात्र कायम हाताशी. पण तो मेला आणि कमांड झोनमधून, म्हणजे त्याच्या राखीव जागेतून, पुन्हा आणायचा झाला की दर खेपेला दोन माना जास्त. म्हणून पहिला कमांडर तीन-चार मानांचाच बरा. सातवाल्याला दुसऱ्यांदा नऊ लागतात, तोवर आमच्याकडे डाव उरकलेला असतो.

तयार डेक घेणार असाल तर सुरुवातीला काही बदलू नका. कुठला पत्ता हातात आला की तोंड वाकडं होतं, तेवढं लिहून ठेवा.