प्रतिसाद: इमॅजिका की जवळची पार्कं?
'खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कपुढे ठाण्याच्या घोडबंदर रोडची टिकुजिनीवाडी म्हणजे जत्रा' हे वर एकाने मांडलेलं मत थरारक राइड्सपुरतं मान्य. इमॅजिकाची २०१३ची नायट्रो ही रोलर कोस्टर ज्या स्विस कंपनीने बनवली, त्याच बॉलिगर अँड मॅबिलार्डने अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल थीम पार्कमधला हल्क कोस्टर (१९९९) बनवलाय. म्हणजे खोपोलीची तुलना करायची तर थेट अमेरिकेशी करा, घोडबंदर रोडशी कशाला?

पण अशा राइडवर आधी उंची मोजतात आणि पहिली-दुसरीतलं पोर खालीच उभं राहतं. भाची आली की आम्ही सरळ नेरूळचं वंडर्स पार्क गाठतो. नवी मुंबई महापालिकेचं आहे, झुकझुकगाडी आहे, ताजमहालासकट सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत (कारागिरीबद्दल न बोललेलं बरं). रात्री जेवायला घरी. खोपोलीत अख्खा दिवस जातो, वर एक्स्प्रेसवेचा टोल.