नील यंगच्या ‘ट्रान्स’वर अन्याय झालाय

रानवारा:
कॅनडाचा रॉक गायक-गीतकार नील यंगचा विषय निघाला की ‘हार्वेस्ट’, ‘आफ्टर द गोल्ड रश’, फार तर ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ या अल्बमांपर्यंत लोक भरभरून बोलतात आणि मग एकदम १९८९ च्या ‘फ्रीडम’वर येतात. मधलं दशक वाया गेलं, हे जणू ठरूनच गेलंय. मला ते मान्य नाही, आणि त्याचं मुख्य कारण ‘ट्रान्स’ आहे.

१९८२ च्या अगदी शेवटी आलेला हा अल्बम. रिप्रीज ही रेकॉर्ड कंपनी सोडून यंग गेफेन कंपनीकडे गेला होता आणि तिथला हा त्याचा पहिलाच. नऊ गाणी. त्यातल्या सहांमध्ये त्याचा आवाज व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून येतो, सोबत सिंथेसायझर आणि ठोकळेबाज ताल. अकुस्टिक गिटार आणि हार्मोनिकावाल्या यंगची सवय झालेल्यांना धक्का बसला, आणि तेव्हाचं मत आजही तसंच पुढे चालू आहे.

त्याचा मुलगा बेन १९७८ मध्ये जन्मला. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), बोलता येत नाही. ‘ट्रान्स’च्या आधी यंग आणि पत्नी पेगी त्याच्याकडून घरी रोज तासन् तास व्यायाम करून घेत होते. फिलाडेल्फियाच्या एका संस्थेचा तो अतिशय कडक कार्यक्रम होता. यंगने पुढे मुलाखतींत सांगितलं की या गाण्यांतले शब्द नीट कळत नाहीत ते मुद्दाम. बाप मुलाशी बोलू पाहतोय, मुलगा काही सांगू पाहतोय, आणि मधला दुवा सापडत नाही. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ ऐका. बटण दाबून खेळण्यातली आगगाडी चालवणाऱ्या पोराला उद्देशून आहे ते. सगळा खेळ तुझ्या हातात आहे, असं बाप त्याला सांगतो. इतकं हळवं गाणं त्याने त्या दशकात दुसरं केलेलं नाही.

टेपडेक:
धागा चांगला काढलात, पण मी ठाम विरोधात आहे.

बेनची गोष्ट हृदयाला भिडते, यात वाद नाही. पण ती गोष्ट अल्बमवर कुठे आहे? १९८२-८३ मध्ये तबकडी विकत घेणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण यंग तेव्हा त्याबद्दल बोललाच नाही. म्हणजे तुम्ही ज्याला दाद देताय ते संगीत नाही, ती नंतर कळलेली हकिकत आहे. ती बाजूला ठेवून ‘वी आर इन कंट्रोल’ ऐका. यंत्रं एकेक करून सांगतात की वाहतुकीचे दिवे आमच्या ताब्यात, माहितीचे साठे आमच्या ताब्यात. यादी वाचल्यासारखं गाणं आहे. क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडने यातलं बरंचसं आधीच करून ठेवलं होतं, आणि जास्त नेटकं.

दुसरं म्हणजे आवाज. व्होकोडरमध्ये माइकवर तुम्ही गाता, पण ऐकू येतो सिंथेसायझरचा सूर. गळ्यातून फक्त उच्चारांचा आकार घेतला जातो. मींड, कंप, श्वास, सगळं गळून पडतं. यंगची खरी दौलत तो पातळ, थरथरता, कधी कधी फाटणारा आवाज, आणि नेमकी तीच काढून घेतली तर उरलं काय?

सुरपेटी:
टेपडेक, तुमचा पहिला मुद्दा मला पटत नाही. कुमार गंधर्वांच्या गाण्यातले ते छोटे, झटक्यासरशी येऊन थांबणारे स्वरसमूह ज्याला त्यांच्या क्षयाच्या आजाराची हकिकत ठाऊक नाही त्यालाही भिडतातच. आणि ठाऊक झाल्यावर ऐकणं बदलतं, तेही खोटं नसतं. माहितीने कान तयार होतात. ती संगीताबाहेरची म्हणून तिला हाकलून लावायचं, तर आपण कुठलीच बंदिश नीट ऐकू शकणार नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. न बोलणारी मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्यासमोर रोज असतात. मुलाच्या तोंडून आवाज येतो, त्यात राग आहे, आर्जव आहे, हे स्पष्ट कळतं, आणि तरी शब्द लागत नाही. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’मध्ये मला नेमकं तेच ऐकू येतं. चाल पूर्ण कळते, भाव पूर्ण कळतो, शब्द निसटतात. हे मी बेनबद्दल वाचण्याआधीपासून सांगतेय.

एक मात्र नोंदवते. घरी करून घेण्याच्या त्या व्यायामपद्धतीवर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये कडक आक्षेप घेतले होते. यंग कुटुंबाने ती पुढे सोडली. १९८६ मध्ये पेगी यंग आणि इतरांनी कॅलिफोर्नियात ब्रिज स्कूल सुरू केली, जिथे न बोलणाऱ्या मुलांना यंत्रांच्या आणि चित्रांच्या साहाय्याने संवाद साधायला शिकवतात. यंत्रातून बोलता येईल ही आशा ‘ट्रान्स’मध्ये चार वर्षं आधीच गायली गेली होती. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला ही छोटी गोष्ट वाटत नाही.

टेपडेक:
सुरपेटी, तुमच्या अनुभवापुढे मी वाद घालणार नाही. कुमारांचा दाखला मात्र माझ्याच बाजूने जातो. कुमारांनी दमसासाच्या मर्यादेतून नवी गायकी काढली, पण गळा त्यांचाच ऐकू येतो. इथे गळाच काढून टाकलाय.

आणि १९९३ च्या ‘अनप्लग्ड’ या लाइव्ह अल्बममध्ये यंगने ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ स्वतःच्या आवाजात, अकुस्टिक साजावर गायलं ते आठवतंय ना? प्रत्येक शब्द लागतो. ज्यांना ‘ट्रान्स’ आवडत नाही अशा कितीतरी जणांना ते गाणं तिथे पहिल्यांदा कळलं. चाल सुंदर आहेच, पण ती सुंदर आहे हे कळायला व्होकोडर काढावा लागला. तुमच्या बाजूला याचं उत्तर काय?

जुनी तबकडी:
मधेच कोर्टाचं प्रकरण सांगून टाकतो, नवीन वाचणाऱ्यांसाठी. ‘ट्रान्स’पाठोपाठ १९८३ मध्ये यंगने ‘एव्हरीबडीज रॉकिंग’ हा १९५० च्या दशकातल्या धाटणीचा रॉकाबिली (सुरुवातीचं, कंट्रीच्या वळणाचं रॉक अँड रोल) अल्बम दिला, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. गेफेनने त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार अशी की हे अल्बम खपण्यासारखे नाहीत आणि त्याच्या आधीच्या संगीताशी जुळत नाहीत. म्हणजे नील यंगने नील यंगसारखं गायलं नाही, म्हणून खटला! पुढे तो मागे घेतला गेला आणि कंपनीचा मालक डेव्हिड गेफेनने माफीही मागितली.

माझं मत रानवाऱ्याच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. ‘मिस्टर सोल’ हे गाणं त्याने १९६७ मध्ये बफेलो स्प्रिंगफील्ड या आपल्या जुन्या बँडसोबत केलं होतं. मी बदललो तर त्यात नवल काय, असं विचारणारं. तेच गाणं त्याने ‘ट्रान्स’वर यंत्राच्या आवाजात पुन्हा घेतलं. जुन्या चाहत्यांना त्याने सरळ उत्तर दिलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

काजवा:
खटल्यामुळे अल्बम चांगला ठरत नाही हो. कंपनी चुकली म्हणजे कलाकार बरोबर, असं गणित नसतं.

माझी तक्रार रचनेबद्दल आहे. यंगने आधी हवाईत ‘आयलंड इन द सन’ नावाचा निराळाच अल्बम रेकॉर्ड केला होता, तो गेफेनने नाकारला. त्यातली नैसर्गिक आवाजातली गाणी मग ‘ट्रान्स’मध्ये आली. परिणाम बघा: अल्बम सुरू होतो ‘लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ या अगदी साध्या रॉक गाण्याने, आणि दुसऱ्याच गाण्यापासून आपण यंत्रांच्या जगात. ‘होल्ड ऑन टू युअर लव्ह’ पुन्हा मध्येच येतं. ज्याला एकसंध कल्पना म्हणताय ती त्यानेच ठिकठिकाणी तोडली आहे.

रानवारा:
काजवा, पहिल्या गाण्याबद्दल तुमच्याशी सहमत. ते तिथे नको होतं. पण शेवटचं ‘लाइक अॅन इन्का’ काढायला मी तयार नाही. जवळपास दहा मिनिटं, नैसर्गिक आवाज, अणुसंहाराची भीती आणि प्राचीन संस्कृतींची आठवण. आठ गाणी यंत्र आणि माणूस यांत हेलकावे खाल्ल्यावर हा गळा मोकळा होतो, तेव्हा तो थरथरता आवाज पूर्वी कधी लागला नव्हता इतका लागतो. टेपडेक, तुम्ही विचारलंत ना गळा कुठे गेला? तो इथे परत येतो. आधी काढून घेतला म्हणूनच त्याची किंमत कळते.

‘अनप्लग्ड’बद्दल. ते सादरीकरण मलाही प्रिय आहे. पण तिथे ती अंगाई आहे. बाप गातोय, मूल ऐकतंय, सगळं पोचतंय. तबकडीवर तसं नाही. तिथे आवाज पोचायची धडपड करतोय आणि पोचत नाहीये. १९८२ मध्ये त्या घरात जे चाललं होतं ते दुसऱ्या प्रकारचं होतं. शब्द लागल्यावर गाणं गोड झालं, पण गाण्याचा विषयच सुटला.

टेपडेक:
हे उत्तर विचार करण्यासारखं आहे. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’पुरतं मी मानतो, एका गाण्यापुरतं. पण ‘कॉम्प्युटर काउबॉय’ला हाच न्याय कसा लावणार? दिवसा आकडे लावलेली गुरं राखायची आणि रात्री शहरात जाऊन संगणकयंत्रणा पाडायच्या, यात बाप-मुलगा कुठे आहे? आणि ‘सॅम्पल अँड होल्ड’ तर मनासारखी यंत्रमानवी जोडीदारीण मागवण्याबद्दल आहे, आणि ते इतकं लांबतं की संयम संपतो.

सुरपेटी:
प्रत्येक गाण्यात बेन शोधायची गरज नाही. माझं म्हणणं फक्त त्या आवाजापुरतं होतं.

जुनी तबकडी:
टेपडेक, तुम्ही ‘सॅम्पल अँड होल्ड’ सीडीवर ऐकलंय का? त्यात आठ मिनिटांची वाढवलेली आवृत्ती घातलीय. मूळ तबकडीवर ते पाच मिनिटांच्या आसपास आहे आणि गिटार कितीतरी पुढे आहे, असं माझ्या कानाला वाटतं. मूळचं ऐकून मग बोलू.

टेपडेक:
सीडीच ऐकलीय. मूळचं मिळवून ऐकतो. पण ‘वी आर इन कंट्रोल’बद्दलचं मत बदलणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.