जेडच्या झाडाने मान टाकलीय, कुणी सांगेल का काय करू?

ए-१०३ ताई : नमस्कार सगळ्यांना, बाल्कनीतल्या जेडने मान टाकलीय, फोटो टाकलेत बघा. वास्तुशांतीला बहिणीने दिलेलं आहे, पांढरी चिनी मातीची कुंडी आणि वर रंगीत खडे. बुडाजवळची पानं पिवळी पडून नुसता हात लागला तरी गळतायत. माझा खूप जीव आहे हो त्याच्यावर, कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा

सी-४०१ दादा : पाणी कमी पडलं असेल ताई, रोज सकाळी एक ग्लास घाला

बी-२०२ काकू : माझ्याकडे गांडूळखत आहे, वाटीभर पाठवू का मुलाबरोबर?

बी-५०४ काका : थांबा. पाणी एक थेंब नको आणि खत तर आत्ता अजिबातच नको. आधी खालचं एक पान दोन बोटांत हलकंच दाबा आणि सांगा कसं लागतंय, आणि अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा, तिला ओली माती चिकटून येते का बघा

ए-१०३ ताई : पान पिचपिचीत लागतंय काका, दाबलं तर पाणी आलं, आणि उजेडात धरलं तर आरपार दिसतंय. काडीला खालपर्यंत चिखल. पाणी मी जास्त नाही घालत खरंच, पण सध्या पाऊस तिरका येतो आणि बाल्कनी भिजते

डी-३०१ दादा : पाऊस तर आहेच, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय म्हणे, रामकुंडावर जाऊ नका कुणी, दुतोंड्या मारुतीला पाणी लागलंय

बी-५०४ काका : मग पाणी जास्त झालंय ताई. लोकांचा घोळ इथेच होतो, तहानेनं पण झाड मान टाकतं आणि जास्त पाण्याने पण टाकतं, लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून हात लावल्याशिवाय ठरवायचं नाही. तहानलेल्याचं पान पातळ होतं, सुरकुततं, वाकवलं तर रबरासारखं वाकतं पण तुटत नाही. पाणी जास्त झालेल्याचं पान फुगतं, पिवळं पारदर्शक होतं आणि आपोआप गळतं. आणि एक तिसरी गोष्ट, पान सुरकुतलेलं पण माती ओली, असं दिसलं तर मुळं गेलीत समजा. मुळाला हवा लागते, चिखलात ती मिळत नाही, मूळ मरतं, मग बुरशी लागते आणि पाणी ओढायला काही उरतच नाही, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. अशा वेळी माणूस अजून पाणी घालतो. द्राक्षबागेत पण पाणी तुंबलं की हेच बघितलंय मी

सी-२०३ मॅडम : काकांचं बरोबर आहे. जेड मुळात दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिककडचं, तिथल्या कोरड्या खडकाळ उतारांवर वाढतं. आपली बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हे रात्री उघडतं आणि दिवसा बंद ठेवतं म्हणजे पाणी उडत नाही. बायोलॉजीत त्या पद्धतीचं नावच क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम आहे, जेडच्याच कुळावरून पडलेलं. त्याला पाणी लागतंच किती कमी हे यावरून लक्षात येईल. मांजर असेल तर मात्र वर ठेवा, जेड मांजराला आणि कुत्र्याला बाधतं

बी-५०४ काका : ताई कुंडी उचलून खाली भोक आहे का बघा

ए-१०३ ताई : नाहीये!! आणि खडे चिकटवलेले आहेत गोंदाने

बी-५०४ काका : मग पाणी जाणार कुठे. आजच काढा बाहेर, उद्यावर नको. खडे उचकटा, झाड बुडाशी धरून अलगद उपसा, माती सगळी झाडून टाका. मुळं पांढरट आणि टणक असतील तर चांगली, काळी तपकिरी बुळबुळीत आणि वास येणारी असतील ती कापून टाका. ब्लेड आधी स्पिरिटने पुसा आणि प्रत्येक कापानंतर परत पुसा. खोड जमिनीलगत काळं मऊ असेल तर वर वर कापत जा, कापलेल्या जागी आतून सगळीकडे हिरवट पांढरं दिसेपर्यंत, मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडं राहिलं तर अजून वर. मन घट्ट करून कापा, सड थोडी जरी राहिली तरी वर चढते

बी-२०२ काकू : कापल्यावर हळद लावायची ना? आई लावायची

डी-१०४ ताई : मी दालचिनीची पूड लावते

बी-५०४ काका : चालेल दोन्ही, काही बिघडत नाही, पण खरं औषध म्हणजे कोरडं ठेवणं. सावलीत, हवेशीर जागी, पेपरवर नुसतं ठेवा आडवं, कापाला खपली धरेपर्यंत, बारीक फांदीला तीन चार दिवस, जाड खोडाला आठवडा, आणि या दमट हवेत थोडं जास्तच. तोपर्यंत माती नाही पाणी नाही. मरेल म्हणून घाबरू नका, पानात साठा असतो. द्राक्षावरचं बुरशीनाशक माझ्याकडे आहे पण तुमच्याकडे लहान मुलं आहेत, घरात ते नको

डी-१०४ ताई : मातीचं काय? मी नर्सरीतून आणलेली काळी माती आहे पोतंभर

बी-५०४ काका : नुसती काळी माती नकोच. ऊस गव्हाला सोनं आहे ती, पण पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. क्रश सँड घेतली तर चाळून भुकटी फेकून द्या. आणि नर्सरीवाले मुळाभोवती कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुश्याचा, गोळा ठेवतात तो पण सगळा सोडवून काढा, आत महिनाभर ओला राहतो

सी-४०१ दादा : तळाला खडे घातले तर? म्हणजे साध्या मातीत पण पाणी खाली निथळेल

सी-२०३ मॅडम : नाही दादा, सगळ्यांना तसंच वाटतं. बारीक मातीखाली मोठे खडे असले की माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खड्यांत उतरतच नाही, उलट ओला थर मुळांच्या जवळ वर सरकतो. पूर्ण मिश्रणच भरभरीत हवं, आणि कुंडी भाजक्या मातीची, तिच्या अंगातून पण ओल सुकते

सी-४०१ दादा : बरं मग आमच्या कोरफडीचं बघा, पानं आत वळून पन्हाळीसारखी झालीत, सुरकुत्या पण आहेत. आतल्या ग्रिलमध्ये आहे, पाऊस लागत नाही. माती एकदम कोरडी, कुंडीच्या कडेने सुटलीय

बी-५०४ काका : ती खरंच तहानलीय. तिला मात्र पोटभर द्या, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि माती सुटलीय म्हणून पाणी कडेनेच निघून जाईल तर कुंडी अर्धा तास टबमध्ये ठेवा. दोन तीन दिवसांत पानं उघडतील. मग पूर्ण कोरडी होईपर्यंत नाही

डी-१०४ ताई : माझं जेड मरत नाहीये पण लांबच लांब होऊन खिडकीकडे झुकलंय, पानं दूर दूर. खत देऊ?

सी-२०३ मॅडम : उजेड कमी पडतोय. लांबलेलं परत आखूड होत नाही, शेंडा कापून वेगळा लावा, खालच्या खोडाला नवीन फूट येईल. उन्हात एकदम नेऊ नका, पानं भाजतील, सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरू करा. आणि पानांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं दिसतंय फोटोत, तो पिठ्या ढेकूण असणार, झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा

बी-५०४ काका : पिठ्याच आहे, बागायतदारांना विचारा काय छळतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, आठवड्याने परत. कुंडी बदलताना मुळं पण बघा, तिथेही लपतो

ए-१०३ ताई : झालं काका. मुळं जवळपास सगळी काळी होती, वास येत होता. खोड तीनदा कापलं तेव्हा स्वच्छ लागलं, आता दोन चांगल्या फांद्या उरल्यात, आणि चांगली टणक पानं पण ठेवलीत बाजूला. पानाला पानफुटीसारखे कोंब येतात का?

बी-५०४ काका : येतात, पण पानफुटीला कडेने येतात, जेडला देठाकडून. पान देठापासून अख्खं निघालेलं हवं. कोरड्या मातीवर नुसतं ठेवा, वेळ लागतो. फांद्या खपली धरली की कोरड्याच मिश्रणात खोचा, आठवड्याने थोडं पाणी, मुळं धरायला दोन तीन आठवडे तरी. रोज उपटून बघू नका, हलकं ओढून अडकली वाटली की झालं. पावसाळाभर रेलिंगच्या आत

ए-१०३ ताई : ती पांढरी कुंडी टाकवत नाही हो, बहिणीची आठवण आहे

डी-३०१ दादा : टाकू नका ताई, माझ्याकडे ड्रिल आहे आणि टाइलला भोक पाडायचा बिट पण. हॅमर बंद ठेवून पाणी सोडत सोडत हळू फिरवलं की चिनी माती तडकत नाही. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बसतो, अजून कुणाच्या बिनभोकाच्या कुंड्या असतील तर रिकाम्या करून आणा, खाली ठेवायला जुनं पायपुसणं पण आणा