प्रॅक्टिकलमधला सोडियम दिवा काढून लेझर लावावा का?

फोंड्याची मास्तरीण: व्यतिकरणाच्या, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकत्र येऊन उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात त्या प्रयोगांतून सोडियम दिवा हद्दपार करून सगळीकडे लेझर लावायचा, असं आमच्या विभागात घाटतंय. माझा विरोध आहे. बायप्रिझमचाच, म्हणजे एका प्रकाशाचे दोन भाग करणाऱ्या पातळ लोलकाचा प्रयोग घ्या. दिव्यापुढची स्लिट, म्हणजे अरुंद फट, हळूहळू रुंद केली की पट्टे फिकट होत जातात आणि शेवटी पुसले जातात. तरंगलांबी बदललेली नसते, वाढलेली असते ती स्रोताची रुंदी. कोहेरन्स, म्हणजे प्रकाशलहरींचा एकमेकींशी टिकून राहणारा मेळ, काय असतो ते मुलांना इथं डोळ्यांनी दिसतं. लेझरला ती स्लिटच लागत नाही, मग हा प्रश्न त्यांना पडणार कधी?

डिचोलीकर: मॅडम, मला हे पटत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे भिंगांवर बुरशी धरते. दिवा तापेपर्यंत थांबा, मधेच वीज गेली की पुन्हा तेच. अर्धी मुलं मायक्रोस्कोपमध्ये पट्टे शोधता शोधता कंटाळतात आणि जुन्या जर्नलमधले आकडे उतरवतात. लाल लेझरने पट्टे थेट भिंतीवर पडतात, सगळ्या बॅचला एकदम दिसतात. आणि पुढचं काम लेझरवरच आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तिच्या ४ किलोमीटरच्या भुजांत सोडियमचा दिवा चालेल का?

टीवायची विद्यार्थिनी, म्हापसा: सर, आकडे उतरवतात हे खरंच आहे. तरीही मायकेल्सनमध्ये, म्हणजे प्रकाश दोन आरशांकडे पाठवून परत एकत्र आणणाऱ्या उपकरणात, सोडियमच हवा. त्याच्या प्रकाशात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन रेषा असल्यामुळे आरसा साधारण ०.२९ मिलिमीटर सरकवला की स्पष्ट पट्टे विरून पुन्हा स्पष्ट होतात. त्यावरून दोन रेषांमधलं अंतर काढता येतं. लेझर लावून हे कसं दाखवणार?

डिचोलीकर: मायकेल्सनपुरतं मान्य. पण न्यूटन रिंग्जमध्ये, म्हणजे काचेवर ठेवलेल्या भिंगात दिसणाऱ्या वर्तुळांच्या प्रयोगात, हवेची फट जेमतेम काही मायक्रॉनांची. तिथं सोडियमच्या दोन रेषा जाणवतही नाहीत, मुलं फक्त व्यास मोजून सूत्रात घालतात. त्यात कोहेरन्स कुठं शिकवला जातो?

फोंड्याची मास्तरीण: मग त्याच भिंगावर पांढरा दिवा धरा. केंद्राजवळ मोजकी रंगीत वर्तुळं दिसतात आणि पुढं सगळं एकात एक मिसळतं, कारण या प्रकाशाची कोहेरन्स लांबी, म्हणजे हा मेळ टिकण्याचं अंतर, मायक्रॉनभरच आहे. लायगोचं म्हणाल, तर डोळ्यांच्या दवाखान्यातलं ओसीटी यंत्रही पाहा. दृष्टिपटलाचे थर वेगवेगळे दिसावेत म्हणून त्यात मुद्दाम कमी कोहेरन्सचा प्रकाश वापरतात. एका रंगाचा स्थिर लेझर तिथं उपयोगाचा नाही. लेझर जरूर आणा, पण दिवा त्याच टेबलावर राहू दे.

डिचोलीकर: राहू दे. मात्र पहिल्या तासाला लेझर. पट्टा कसा दिसतो हेच ज्याने पाहिलेलं नाही, त्याला तो पुसला गेल्याचं कळणार कसं?