जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्यात लक्ष देऊन जेवायचं कसं?

शिफ्टवाला (अंबड)

मंडळी, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारा. वय ४२. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ आलं. गोळी काही दिली नाही. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा, आणि जेवताना जेवणाकडे लक्ष द्या, सावकाश खा. हे शेवटचं वाक्य बायकोने बरोबर उचललं. आता रोज पहाटे डबा हातात देताना ऐकवते.

माझी अडचण समजून घ्या. पहिल्या पाळीला अकराला जेवणाची सुट्टी, अर्धा तास. मशीन थांबवायचं, हाताचं कूलंट पावडरने घासून काढायचं (वास तरी जात नाहीच), कॅन्टीनपर्यंत चालायचं, बाकावर जागा धरायची. परतीची पाच मिनिटं वेगळी. हातात उरतात पंधरा मिनिटं. डब्यात चार पोळ्या, भाजी, एखाद्या दिवशी मटकी, सोबत ठेचा. वर कॅन्टीनचा वरण-भात. सगळे डब्याला मोबाइल टेकवून बसतात, मीही बसतो. रील्स संपत नाहीत, पोळ्या संपतात. उठताना पोट गच्च, आणि साडेतीनला सुटलो की गेटबाहेर उलटा वडापाव दिसतो तेव्हा पोटाला जणू काही मिळालेलंच नसतं.

नेटवर वाचलं तर कुठे मंद संगीत लावा, कुठे प्रत्येक घास ३२ वेळा चावा. हिशेब घातला. सायकल टाइम बसत नाही. सावकाश जेवणं हे ज्याच्याकडे वेळ आहे त्याचं काम आहे, असं माझं मत व्हायला लागलंय. कोणी नोकरी सांभाळून हे केलंय का?

रविवारची मिसळ सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पथ्यपाणी (सिडको)

दादा, मी आहारतज्ज्ञ आहे, माझ्याकडे येणारे निम्मे लोक शिफ्टवालेच असतात. ३२ विसरा. आकडा मोजायला लागलात की मन आकड्यात जातं, घासात राहत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांनी अन्नाचं पाणी होईपर्यंत चावायचं वेड लावलं होतं, ते केव्हाच ओसरलं.

सावकाश का, तर जठर ताणलं की मेंदूला थोडी खबर लगेच जाते, पण अन्न लहान आतड्यात उतरल्यावर जी संप्रेरकं सुटतात त्यांचा असर जाणवायला साधारण १५ ते २० मिनिटं जातात. तोवर तुमचा डबा धुऊन झालेला असतो. गच्चपणा म्हणून उशिरा कळतो.

पंधरा मिनिटांतही करता येईल असं सांगते. डब्याचा क्रम उलटा करा. आधी मटकी, भाजी, काकडी, मग पोळी, भात घ्यायचाच असेल तर शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर जरा दमाने चढते. दोन पोळ्या झाल्या की थांबा, घोटभर पाणी प्या आणि स्वतःला विचारा, भूक आहे की नुसतं डब्यात आहे म्हणून चाललंय? तिसरी खायची तर खुशाल खा, पण ठरवून.

आणि मोबाइल लॉकरमध्ये. यावर अभ्यास झालेत. दुसरीकडे लक्ष ठेवून जेवणारा त्या वेळी जास्त खातोच, पण पुढच्या खाण्यातही जास्त खातो, कारण आधीचं जेवण नीट आठवतच नाही. तुमचा वडापाव तिथून येत असेल. अर्थात अकरा ते साडेतीन म्हणजे साडेचार तास झाले, ती खरी भूकही असू शकते. खिशात मूठभर फुटाणे ठेवा, मग कळेल.

इतर वाचणाऱ्यांसाठी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे वाचून जेवण कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला.

ओट्याजवळ (इंदिरानगर)

शिफ्टवाले भाऊ, बाकावर बसून सलग पंधरा मिनिटं जेवायला मिळतात याचा मला हेवा वाटला. खरंच.

माझं जेवण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे मला कित्येक वर्षं सांगता आलं नसतं. सकाळी चहाबरोबर रात्रीची अर्धी पोळी, उभ्याने. मीठ बघायला चमचाभर आमटी, मग भाजी, मग पुन्हा आमटी. मुलाच्या ताटातला उरलेला वरणभात, कारण टाकवत नाही. सासूबाईंचं कमी मिठाचं वेगळं, त्यातलं तळाचं. सगळ्यांची पानं झाल्यावर मी बसणार, तेव्हा भूक नसायची, पण जेवण व्हायला हवं म्हणून पान वाढून घ्यायचे. म्हणजे दोनदा जेवायचे आणि दोन्ही वेळा जेवल्यासारखं वाटायचं नाही. डॉक्टरांना मात्र मी शपथेवर सांगितलं असतं की मी दोनच पोळ्या खाते.

मी काय केलं ते सांगते, पटलं तर बघा. पोळ्या आधी करून डब्यात भरायच्या आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. तव्यावरची पोळी थेट पानात पडली पाहिजे हा आमच्या घरातला हट्ट. तो मोडताना सासरे काही दिवस अबोल होते, मग त्यांनाच गप्पा मारत जेवायची गोडी लागली. माझं पान मी चटणी-कोशिंबिरीसकट पूर्ण वाढून घेते. मध्ये उठायचं नाही, लोणचं संपलं तर ज्याला हवं त्याने उठावं. आणि उरलेलं एका वाटीत काढते. टाकत नाही, पण उभ्याने तोंडातही टाकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं थालीपीठ होतं, नाहीतर फोडणीचा भात.

वजन थोडं उतरलं, फार नाही. जेवणानंतरची छातीतली जळजळ बरीच कमी झाली, मला त्याचं जास्त कौतुक आहे.

एक विचारू? वहिनी डबा देताना ऐकवतात म्हणता. त्या स्वतः कधी आणि कुठे बसून जेवतात, ते कधी पाहिलंत का? राग मानू नका.

शंकेखोर (गंगापूर रोड)

मी जरा पाणी ओततो. लक्ष देऊन जेवल्याने वजन झरझर उतरतं याला भक्कम पुरावा नाही. अनावर खाणं, ताण आला की खाणं, यात फायदा दिसतो. वजनाच्या बाबतीत निकाल मिश्र आहेत. आता कोणीतरी येऊन 'लहान ताट घ्या' सांगेल. असले सल्ले गाजवणारे कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉनसिंक, त्यांचे सहा शोधनिबंध २०१८ मध्ये एकाच दिवशी मागे घेतले गेले, पुढे त्यांना विद्यापीठही सोडावं लागलं. तेव्हा ताटाच्या मापावर फार विसंबू नका.

तुमच्यासाठी दोन रोखठोक गोष्टी. जेवल्यावर चाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, परत शॉपवर जायचा रस्ता थोडा लांबचा घेतला तरी चालेल. आणि दिवसाचे चहा मोजा. कॅन्टीनच्या चहात साखर किती असते हे तिथल्या पोऱ्याला विचारून बघा, आणि सोबतची खारी धरा. पोळ्यांच्या मागे लागण्याआधी हे बघा.

'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणायलाही कोणीतरी येईलच, म्हणून मीच म्हणून टाकतो. चरकसंहितेत न बोलता, न हसता, मन लावून जेवावं असं आहे. पण तिथेच हेही आहे की फार घाईने जेवू नये आणि फार रेंगाळतही जेवू नये. म्हणजे तुमची पंधरा मिनिटं अगदीच वाया नाहीत.

शिफ्टवाला (अंबड)

सगळ्यांचे आभार. शंकेखोर साहेब, चहा मोजले. आकडा इथे लिहीत नाही.

मोबाइल लॉकरमध्ये ठेवून जेवलो. पहिली गोष्ट कळली ती ही की कॅन्टीनच्या वरणात मीठच नसतं. शेजारच्याने दोनदा विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? तिसरी पोळी खाल्ली, चौथी त्याला दिली. गंमत म्हणजे ठेचा मी रोज फक्त तिखट लागतो म्हणून खात होतो, त्यात लसूण भाजलेला असतो हे आत्ता कळलं.

ओट्याजवळ ताई, बायकोला विचारलं. 'आता विचारताय?' म्हणाली. पुढचं घरातच राहू द्या. पोळ्या आधी करायचं मात्र ठरलंय.

दोन शंका उरल्या. तिसऱ्या पाळीला काय करू? रात्री दोनला कॅन्टीन उघडतं आणि समोर गरम भजी असतात. आणि मिसळ?

पथ्यपाणी (सिडको)

मिसळ आधी घेते, कारण तिथे खरा घोळ आहे. रस्सा उरला म्हणून पाव मागवायचा, पाव उरला म्हणून रस्सा मागवायचा, आणि वाढणारा तर उभाच असतो. तर पाव आधी ठरवा, समजा दोन, आणि ते पहिल्यांदाच एकदम मागून घ्या. फरसाण वेगळं मागा. आधी नुसती मटकी दह्याबरोबर खा, मग रस्सा घ्या, तर्री हवी तेवढीच. तिखटाने जीभ भाजली की लोक भराभर खातात हे मी स्वतःवरही पाहिलंय. तेव्हा पापड मोडा, थांबा. जिलबी सगळ्यांत मिळून एक प्लेट. एवढं करून मिसळ खाल्लीत तर मला काही तक्रार नाही.

सरावच करायचा असेल तर घरी एका मनुक्यावर करा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ताण कमी करण्याचे जे वर्ग सुरू केले, त्यात मनुक्याचा धडा प्रसिद्ध आहे. मनुका हातात घेऊन नीट बघायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग चावायचा. नाशिकमध्ये मनुका कुठे मिळतो हे मी सांगायची गरज नाही. मुलांना बरोबर घ्या, त्यांना हा खेळ आवडतो.

तिसरी पाळी थोडी अवघड. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, तेच जेवण दुपारी खाल्लं तर जेवढी साखर चढते त्याहून रात्री जास्त चढते. म्हणून मुख्य जेवण घरून निघायच्या आधी, वेळ काढून, बसून करा. दोनला फक्त हलकं: मुगाची उसळ, ताक, उकडलेलं अंडं चालत असेल तर ते. सकाळी घरी पोचल्यावर झोपायच्या आधी थोडं खाऊन घ्या, उपाशीपोटी झोप लागत नाही. आणि भजी दिसली तर एक घ्या, ताटलीत घ्या, बसून खा. काउंटरवर उभं राहून कागदातून खाल्लेली भजी कोणीच मोजत नाही.