कापसाच्या भावाची पट्टी सरकत नाही

प्रश्न: आर्वी तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाच्या संकेतस्थळावर कापसाचा आजचा भाव डावीकडून सरकत यावा, म्हणून सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) कीफ्रेम्सना, म्हणजे हालचालीच्या टप्प्यांना, ‘भावपट्टी’ असे नाव देऊन तेच नाव पट्टीच्या अ‍ॅनिमेशन-नेममध्ये (कोणती हालचाल वापरायची ते सांगणाऱ्या गुणधर्मात) लिहिले आहे, तरीही पट्टी जागची हलत नाही. कारण काय असावे?

उत्तर १: देवनागरी नाव चालते. अ‍ॅनिमेशन-ड्युरेशन (हालचालीचा कालावधी) दिले नसेल, तर ते ० सेकंद धरले जाते आणि नाव जुळूनही काहीच दिसत नाही; २ सेकंद देऊन पाहावे. पट्टी सरकवायला लेफ्ट (डावीकडचे अंतर) या गुणधर्माऐवजी ट्रान्सफॉर्म (बाकीची मांडणी न हलवता घटक सरकवणारा गुणधर्म) वापरल्यास पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही, आणि गावाकडच्या साध्या मोबाइलवर हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर २: सहमत आहे. भाव वाचता यायला हवा, म्हणून इन्फिनिट (हालचाल अखंड चालू ठेवणारे मूल्य) देऊ नये. शिवाय मोबाइलमध्ये हालचाल कमी ठेवणाऱ्यांसाठी प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन या अटीखाली अ‍ॅनिमेशन बंद करावे.