अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटरचा आवाज पन्नास फूट खाली पोचेना, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी राहायला सोलापुरात, शेती मोहोळ तालुक्यात. विहीर दहा परस (पुरुष) खोल, सध्या पाणी पन्नास फुटांवर. शेतीची लाइट रात्री येते, ऑटो स्विचमुळे मोटर आपोआप सुरू होते आणि पाणी तुटलं तरी कोरडी फिरत राहते. यंदा एकदा मोटरचं वाइंडिंग भरून आणलं. वडील अजून दोरीला अर्धी वीट बांधून पाणी मोजतात. म्हटलं, काठावरूनच आवाजाच्या प्रतिध्वनीनं मोजू.

एचसी-एसआर०४ हा तयार अल्ट्रासॉनिक सेन्सर चार मीटरलाच थकतो. म्हणून ५५५ टायमर चिपवर ४० किलोहर्ट्झ काढले, पुढे सीडी४०४९ चिपमधले इन्व्हर्टर (सिग्नल उलटवणारे गेट) दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावले. १२ व्होल्टवर ट्रान्सड्यूसरला (आवाज काढणाऱ्या डबीला) २४ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत, मिळतात. रिसीव्हरला टीएल०७२ अँप्लिफायर. सकाळी सात मीटरपर्यंत प्रतिध्वनी येतो, दुपारी चार मीटरच्या पुढे नाही!

मल्टिमीटर लावला तर सकाळी ४०.१ किलोहर्ट्झ, दुपारी दोनला पत्र्याखाली ३८.७. ५५५ च्या सिरॅमिक कपॅसिटरजवळ गरम सोल्डरिंग आयर्न नुसती धरली तरी आकडा डोळ्यांदेखत घसरतो.

ट्रान्सफॉर्मर लावून १०० व्होल्ट दिले तर पंधरा मीटर जाईल का? ट्रान्सड्यूसर जळेल का?

उत्तर १
आधी ५५५ काढा. या ट्रान्सड्यूसरचा सूर फार अरुंद असतो, किलोहर्ट्झभर सरकलात की जोर गेला. आर्डुइनो नॅनो बोर्ड असेल तर त्यातल्या टायमर-१ वरून घ्या: १६ मेगाहर्ट्झ भागिले ४००, पक्के ४० किलोहर्ट्झ.

आता हिशेब. सातवरून पंधरा मीटर म्हणजे जाऊन-येऊन १४ चे ३०. पसरण्यात साडेसहा डेसिबल जातात. शिवाय ४० किलोहर्ट्झला हवा मीटरमागे साधारण १.३ डेसिबल खाते, म्हणजे आणखी २१. एकूण २७ च्या वर. २४ चे १०० व्होल्ट केल्यानं मिळतात जेमतेम १२. नुसतं व्होल्टेज वाढवून भागणार नाही. २५ किलोहर्ट्झचा ट्रान्समीटर-रिसीव्हर जोड घ्या, हवेतली घट जवळपास निम्मी होते.

जळण्याचं म्हणाल तर उघड्या जाळीचा ट्रान्सड्यूसर १०० व्होल्टवर ठेवू नका. गाडीच्या रिव्हर्स सेन्सरमधला बंद डबीचा सोसतो, पण तोही थोड्याच पल्सपुरता. सतत वाजवायचा नाही.

उत्तर २
विहिरीत चार इंची पीव्हीसी पाइप उभा सोडा आणि सेन्सर त्याच्या तोंडाशी बसवा. आवाज पसरत नाही आणि कपारींचे खोटे प्रतिध्वनीही टळतात. पाइपाला खाली भोकं पाडा, नाहीतर आतलं पाणी वेगळंच दिसेल. तापमानाचा सेन्सरही जोडा. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४० ला ३५५. तुमच्या पन्नास फुटांत पावणेदोन फुटांची चूक.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. २५ चा जोड सोलापुरात मिळेना, पुण्याला तपकीर गल्लीत बघावा लागेल. पाइप गोठ्यामागे पडलेलाच आहे. टायमरचा कोड आज टाकतो आणि उद्या दुपारी दोनला त्याच पत्र्याखाली बसून आकडा कळवतो.